यकृताची हाक

आमच्या घरात काविळीचं औषध होतं. बाटलीत भरून ठेवलेलं नव्हे. ते देण्याचा मान होता. रविवारी आणि बुधवारी सकाळी माणसं उपाशीपोटी आमच्या ओट्यावर येऊन बसत. आई उजाडताना ओढ्याकडे जाऊन पाला घेऊन येई, पाट्यावर वाटून फडक्यातून रस पिळी आणि रोग्याची मान मागं करून दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडी. थोड्या वेळानं नाकातून पिवळं पाणी गळायला लागे. मग ती सांगे, ‘‘तेलकट खाऊ नका, उन्हात फिरू नका, आणखी दोन वेळा या.’’

नियम तीन होते. कुणाकडून काही घ्यायचं नाही. पाल्याचं नाव सांगायचं नाही. आणि औषध सुनेच्या हाती सोपवायचं, लेकीच्या नाही, कारण लेक दुसऱ्या घरी जाते. आईला ते तिच्या सासूकडून मिळालं होतं, आईनं ते उज्ज्वला वहिनीला दिलं. सात-आठ वर्षांची असताना मी एकदा आईच्या मागोमाग ओढ्यापर्यंत गेले होते. तिनं मला एका दगडावर बसवलं आणि म्हणाली, ‘‘आता तिकडं तोंड कर.’’ मी तिकडं तोंड केलं.

पुढं मी जीवशास्त्र शिकले. गेली एकोणीस वर्षं पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात तेच शिकवते. बहुतेक काविळी आपोआप बऱ्या होतात हे मला विसाव्या वर्षी कळलं आणि आईच्या औषधाचं कोडं माझ्यापुरतं तिथं सुटलं. विषाणूची कावीळ चार-सहा आठवड्यांत उतरते. तेवढ्या काळात माणूस तीनदा आमच्या कुसवडीला येऊन गेलेला असतो. हे मी आईला कधी बोलून दाखवलं नाही. मला वाटायचं, हा माझा समजूतदारपणा आहे.

आईचं यकृत बिघडल्याचं २०३८च्या उन्हाळ्यात कळलं. आम्हांला तेव्हा कळलं. तिला आधीच माहीत होतं. चार महिने ती काळा चष्मा लावून औषध द्यायला बसत होती आणि ओट्यावरच्या लोकांना ‘‘मोतीबिंदू काढलाय’’ असं सांगत होती. फोनसमोर डोळा धरला की रक्तातल्या पिवळेपणाचा आकडा दिसायला लागून तोवर बरीच वर्षं झाली होती. लोक तो आकडा घेऊनच यायचे. एका रविवारी ढेबेवाडीकडच्या कॉलेजातल्या एका मुलीनं गंमत म्हणून आपला फोन आईसमोर धरला. चष्मा नेमका पुसायला काढलेला होता. आकडा आला अकरा. चांगल्या माणसाचा एकाच्या आसपास असतो.

‘‘तुझा फोन बिघडलाय, बाई,’’ आई म्हणाली.

त्याच दुपारी दिगंबरदादानं मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाठ करून बसली होती आणि वहिनी मला दारातच म्हणाली, ‘‘वन्सं, तुम्हीच विचारा. मला सासू म्हणून दटावतात.’’ आजकाल नणंदेला कुणी वन्सं म्हणत नाही. लग्नानंतर वहिनीनं ते गमतीत सुरू केलं आणि तसंच राहिलं.

‘‘तुझंच औषध का नाही घेतलंस?’’ मी आईला विचारलं. विचारताना माझ्या आवाजात थोडी थट्टा होती, ती तिला कळली असावी.

‘‘ही ती कावीळ नव्हे,’’ ती म्हणाली. ‘‘अशी माणसं ओट्यावर आली की मी कराडला पाठवते. चाळीस वर्षं पाठवते आहे. तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस.’’

सिरोसिस होता. दारूचा थेंब न घेता, वर्षानुवर्षं यकृतात साचलेल्या चरबीनं आलेला. वय एकोणसत्तर. यकृताचा तुकडा देता येईल का म्हणून दादाची तपासणी झाली. त्याच्याही यकृतात चरबी निघाली. माझ्या पित्तनलिकांची रचना कापायला धोक्याची होती. मृत दात्याच्या यादीत आईचा नंबर लागेल अशी आशा कुणी दाखवली नाही. तेव्हा पुण्यातल्या एका रुग्णालयात डॉ. तहसीन इनामदार यांनी दुसरी वाट सांगितली.

ती वाट मला ऐकून माहीत होती. हाडांच्या मगजातली रक्ताची मूळपेशी मी दरवर्षी फळ्यावर काढते. वर एक वर्तुळ, खाली फांद्या: तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. फांद्या रक्ताच्या बाहेर जात नाहीत, असं आम्ही शिकवतो. पण फार पूर्वी काही डॉक्टरांनी अशा बायकांची यकृतं तपासली होती, ज्यांना कधीकाळी पुरुषाचा मगज दिला गेला होता. त्या यकृतांत थोड्या पेशी अशा सापडल्या, की ज्यांत वाय गुणसूत्र होतं. बाईच्या स्वतःच्या पेशीत ते असू शकत नाही. म्हणजे कुणा पुरुषाच्या मगजातून निघालेली पेशी रक्तातून फिरत यकृतात पोचली होती आणि यकृताची होऊन कामाला लागली होती. पुढं यावर बरंच भांडण झालं. काहींनी म्हटलं, पेशी बदललेली नाही, जुन्या पेशीत नुसती मिसळली आहे. आणि अशा पेशी इतक्या विरळ होत्या, की त्यांच्यावर कुणाचं पोट भरत नव्हतं, यकृताचंही नाही. मी मुलांना ही गोष्ट तास संपायला पाच मिनिटं उरली की सांगत असे.

‘‘आता त्या विरळ राहिलेल्या नाहीत,’’ डॉ. इनामदार म्हणाल्या. त्या साताऱ्याच्या. आईला पहिल्या भेटीपासून मावशी म्हणत. ‘‘आम्हांला दोन गोष्टी कळल्यात. एक, मूळपेशीला बाटलीत अकरा दिवस विशिष्ट खुराकावर ठेवलं, की रक्तच व्हायचं हा तिचा हट्ट सैल होतो. दुसरी गोष्ट, तिला यकृत व्हायला कोण सांगतं? तर दुखावलेलं यकृत. ते काही प्रथिनं रक्तात सोडतं. आम्ही त्याला हाक म्हणतो. ती ऐकू आली तर पेशी यकृताकडे वळते. नऊ दिवसांत ऐकू आली नाही, तर आपली जुनी वाट धरते, मगजात जाते आणि रक्त होते. एकदा झाली की परत फिरत नाही.’’

‘‘मग हाक मोठ्यानं मारायला लावा की,’’ दादा म्हणाला.

‘‘तेच करतो. यकृताला थोडी इजा करतो आणि नऊ दिवस त्याला शांत करणारं काही म्हणजे काही देत नाही.’’

आई इतका वेळ लक्ष देऊन ऐकत होती. ‘‘म्हणजे दुखू द्यायचं,’’ ती म्हणाली.

‘‘हो, मावशी. नऊ दिवस दुखू द्यायचं.’’

‘‘आणि पेशी कुणाच्या?’’

‘‘माझ्या,’’ मी म्हटलं.

आई माझ्याकडे बघून हसली. ‘‘मला नऊ महिने लागले होते. तुझं नऊ दिवसांत भागतंय. शिकल्याचा फायदा.’’

संमतीपत्र मीच वाचलं, मीच सगळ्यांना समजावलं. बाहेरचं औषध, काढा, लेप, चाटण, काहीही देणार नाही, असं एक कलम होतं. त्याच्यापुढं नातेवाईक म्हणून मी सही केली.

पाच दिवस मला इंजेक्शनं दिली. मगजातल्या मूळपेशी त्यांनी रक्तात उतरतात. मांड्यांची आणि कमरेची हाडं आतून फुगल्यासारखी ठणकतात. सहाव्या दिवशी एका हातातून रक्त काढून, यंत्रातून फिरवून, दुसऱ्या हातात परत सोडलं. चार तास. पुढचे अकरा दिवस माझ्या पेशी प्रयोगशाळेत होत्या आणि आई माझ्या घरी. तिनं माझं स्वयंपाकघर लावून टाकलं. तिनं कुठंकुठं ठेवलेले डाळींचे डबे मला अजून सापडतात.

पेशी दिल्या तो रविवार होता. टोमॅटोच्या सारासारख्या रंगाची लहानशी पिशवी. ‘‘एवढंच?’’ आई नर्सला म्हणाली. ‘‘आमच्या गावात अशक्तपणाला याच्यापेक्षा मोठी बाटली लावतात.’’

भिंतीवरच्या पडद्यावर एक लाल रेघ होती. आईच्या मनगटावरच्या पट्टीतून दर तासाला रक्ताचा कण तपासला जाई आणि त्यातल्या हाकेच्या प्रथिनांवरून रेघ पुढं सरके. दुसऱ्या दिवशी ती चढायला लागली. डॉक्टर खूश होत्या. आईला खाज सुटली.

पित्त अंगात साचलं की खाज येते, हे पुस्तकात एका ओळीत असतं. तिसऱ्या दिवशी आईनं पोटऱ्या रक्तबंबाळ केल्या. तिच्या हातांना सुती मोजे घातले, तेव्हा ती पलंगाच्या दांडीवर पाठ घासू लागली. ओली फडकी ठेवली. पंखा लावला. खाजेवरचं एकही औषध चालणार नव्हतं, कारण ते यकृतालाही शांत करतं. जिनं आम्हां भावंडांच्या जन्माच्या वेळी हूं की चूं केलं नव्हतं असं आजी सांगायची, ती दात खाऊन मला म्हणाली, ‘‘कातडं सोलून काढ गं माझं. खरंच काढ.’’

चौथा दिवस बुधवार होता. वहिनी सकाळच्या एसटीनं आली. आईकडे एकदा बघितलं, पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि डब्यातून एक लहान बाटली. हिरवट पाणी.

‘‘काय आहे?’’ मी विचारलं, पण मला कळलं होतं.

‘‘सकाळी ओट्यावरच्या लोकांना दिलं आणि तसंच घेऊन निघाले.’’ ती आवाज खाली आणून बोलत होती. ‘‘रोग जाणार नाही, वन्सं. ते मला ठाऊक आहे. पण खाज जाते. खाजेनं वेडी झालेली माणसं मी ओट्यावर झोपलेली बघितलीत.’’ मग तिनं दाराकडे पाहिलं. ‘‘डॉक्टरबाई आत्ताच गेल्या ना? लिफ्टपाशीच असतील. विचारून येऊ?’’

‘‘काय विचारणार?’’

‘‘देऊ का नको.’’

मला तो प्रसंग डोळ्यांसमोर दिसला. डॉ. इनामदार, त्यांच्याबरोबरचे दोन शिकाऊ डॉक्टर, आणि स्टीलचा डबा हातात धरलेली माझी वहिनी. ‘‘राहू दे,’’ मी म्हटलं. ‘‘पाल्याचे दोन थेंब. त्यांना उगाच हसायला कारण.’’

‘‘हसू देत की. औषधाला औषध आडवं जातं, वन्सं. मी विचारूनच येते.’’

‘‘अहो वहिनी, त्यात खरंच काही असतं ना, तर...’’

मी थांबले. आईचे डोळे उघडे होते. तिनं सगळं ऐकलं होतं. काळा चष्मा नव्हता. हळदीच्या डोळ्यांनी ती माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. वर्गात एखादं उत्तर चुकल्यावर मूल जसं बघतं, तसं.

‘‘तर काय गं?’’ ती म्हणाली.

‘‘काही नाही, आई.’’

‘‘चाळीस वर्षं माणसं काय माझं तोंड बघायला आली?’’

मला इतकी लाज वाटली, की तिची भरपाई मी ताबडतोब करून टाकली. ‘‘द्या, वहिनी,’’ मी म्हटलं. ‘‘मी मान धरते.’’

मला त्या औषधावर कणभर जरी विश्वास असता, तर मी ते देऊ दिलं नसतं. हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळ वेळा उलटसुलट करून पाहिलं आहे. ते तसंच राहतं.

वहिनीनं थेंब सोडले. आईच्या नाकातून पिवळं पाणी आलं, मी ते टिपलं. तासाभरानं तिनं मोजे काढायला सांगितले. दुपारी ती झोपली, चार दिवसांत पहिल्यांदा.

पाचव्या दिवशी सकाळी ती उठून बसली आणि चहा मागितला. वहिनीकडून वेणी घालून घेतली. शेजारच्या खोलीतल्या म्हातारबाबांना भेटायला कोण कोण येतं, याची बित्तंबातमी तिला नर्सकडून मिळालेली होती, ती तिनं आम्हांला रंगवून सांगितली. मग मला म्हणाली, ‘‘लागू पडलं गं मला.’’

‘‘हो का?’’ मी म्हटलं. लहान मुलानं काढलेलं चित्र बघताना आपण ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात.

‘‘एवढी वर्षं दुसऱ्यांच्या नाकात घातलं. कसं लागतं ते काल कळलं. आधी झणझणतं, मग डोळ्यांच्या मागं गार होतं.’’ ती स्वतःशीच हसली. ‘‘लोकांना मी सांगायची, थोडं झणझणेल. ऐकीव सांगायची.’’

त्या दिवसाइतकी आनंदी मी तिला त्या वर्षात पाहिली नाही. पडद्याकडे माझं लक्ष नव्हतं.

सहाव्या दिवशी डॉ. इनामदार आल्या आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या. लाल रेघ बुधवारी दुपारपासून खाली आली होती आणि जमिनीलगत चालली होती. त्यांनी पट्टी बदलायला लावली. नवी पट्टीही तेच सांगत होती.

‘‘बाहेरचं काही दिलंय का?’’ त्यांनी मला विचारलं. आरोप नव्हता. त्या वही उघडून उभ्या होत्या.

वहिनी बेसिनपाशी कप धूत होती. पाण्याचा आवाज थांबला.

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

मला वाटत होतं, की मी खोटं बोलत नाही. पाण्याला औषध म्हणत नाहीत. पण ते पूर्ण खरं नाही. खरं हे, की त्या मला पहिल्या दिवसापासून ‘मॅडम’ म्हणत, माझ्याशी गुणसूत्रांविषयी बरोबरीनं बोलत, आणि ती बरोबरी मला घालवायची नव्हती.

डॉक्टर गेल्यावर वहिनीनं मला बाहेर बाकावर बसवलं. ‘‘सांगायला हवं होतं.’’

‘‘काय सांगू? बारावीला जीवशास्त्र शिकवणारी बाई, आणि आईच्या नाकात पाला घातला?’’

‘‘मी घातला म्हणून सांगा. अडाणी भावजय, ऐकत नाही म्हणा. मला काय त्याचं?’’

‘‘त्यानं काही होत नाही, वहिनी. रेघ दुसऱ्या कशानं तरी पडली असेल.’’

तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, ‘‘तुम्ही शिकलेल्या. मला एवढंच कळतं, की परवा खाज थांबली आणि परवाच ती रेघ पडली.’’

इतकं सरळ निरीक्षण माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं केलं असतं, तर मी त्याला शाबासकी दिली असती. वहिनीला मी ‘‘संध्याकाळी सांगते’’ म्हटलं. संध्याकाळी डॉक्टर आल्या नाहीत. सातव्या दिवशी आल्या, तेव्हा रेघ किंचित वर सरकली होती आणि मला वाटलं, आता होईल ठीक. आठव्या दिवशी वहिनीला गावी परतावं लागलं. जाताना तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. बाटली कपाटात तशीच होती.

दहाव्या दिवशी यकृताचा लहानसा तुकडा तपासला. त्यात माझ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. मगजाच्या नमुन्यात मात्र त्या जागोजाग होत्या. रुजलेल्या, तरारलेल्या, रक्त तयार करणाऱ्या.

तेव्हा मी बाटली घेऊन डॉ. इनामदारांच्या खोलीत गेले. सांगायला तीन वाक्यं लागली. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि बाजूला ठेवली.

‘‘सहाव्या दिवशी विचारलं होतं मी,’’ त्या म्हणाल्या.

‘‘हो.’’

‘‘तेव्हा कळलं असतं तर पुन्हा इजा करून पाहिली असती. हाक उठली असती कदाचित. तीन दिवस हातात होते.’’

‘‘आता पुन्हा करता येईल?’’

‘‘दुसरी इजा सोसायला यकृत उरलेलं नाही, मॅडम.’’

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं.

आई त्यानंतर सहा आठवडे जगली. त्या सहा आठवड्यांत तिचं रक्त सुधारत गेलं. वर्षानुवर्षं कमी असलेलं हिमोग्लोबिन तेरावर गेलं. नखं गुलाबी झाली. रोज सकाळी नवी नर्स कागद बघून उत्साहानं सांगे, ‘‘आजींचं रक्त छान आहे हं.’’ पाचव्या आठवड्यात एकीनं मला बाजूला घेतलं. ‘‘मॅडम, यांचा रक्तगट बी आहे ना? आज ओ दाखवतोय.’’ माझा ओ आहे. मी तिला समजावून सांगितलं, फळ्यावर सांगते तसं. आईच्या अंगात माझं रक्त फिरत होतं. उत्तम रक्त होतं. तिला त्याची काहीच गरज नव्हती.

शेवटच्या आठवड्यात ती बहुतेक गुंगीत असे. एका दुपारी जरा जागी होती, तेव्हा मी म्हटलं, ‘‘आई, त्या दिवशी ते थेंब द्यायला नको होते.’’

‘‘लागू पडले ना?’’

‘‘पडले.’’

‘‘मग?’’ ती म्हणाली. पुढचं मला सांगता आलं नाही. तिनं माझा हात धरून ठेवला आणि परत झोपली. तिला किती कळलं ते मला माहीत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, डॉ. इनामदारांचा फोन आला. मी कुसवडीलाच होते. बाटलीतल्या रसाची तपासणी झाली होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, दुखावलेल्या यकृताच्या पेशींवर तो टाकला होता. ‘‘अर्ध्या तासात हाक बंद,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इतकं स्वच्छ काम करणारं आमच्याकडे काही नाही. नाकातून दिल्यामुळं ते सरळ रक्तात जातं. ज्यांचं यकृत अचानक पेटतं अशा रोग्यांना हे...’’ त्या थांबल्या. ‘‘माफ करा. ही वेळ नाही.’’

‘‘म्हणजे ते औषध होतं,’’ मी म्हटलं.

‘‘फार चांगलं औषध होतं.’’

दोन दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही. वहिनीनं आई गेल्यापासून ओढ्याकडे जाणं सोडलं होतं. बुधवारी आलेल्या लोकांना तिनं दारातूनच ‘‘आता देत नाही’’ म्हणून परत पाठवलं होतं. दादा तिला समजावत होता, ‘‘अगं, त्या पाल्यानं कुठं काय होतंय? तुझ्यामुळं काही झालेलं नाही.’’ मीही तेच म्हणावं, अशी त्याची अपेक्षा होती. तेवढं म्हणणं सोपं होतं. वहिनीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं आणि मी आतापर्यंत जे मानत आले तेच पुन्हा एकदा म्हटलं असतं. फक्त आई चाळीस वर्षं लोकांच्या नाकात पाणी घालत होती, असा त्याचा अर्थ झाला असता.

रविवारी सकाळी वहिनी ओट्यावर निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. हाक काय असते, पेशी कशाची वाट बघत होत्या, रसानं काय केलं. आणि सहाव्या दिवशी मी खरं बोलले असते तर काय करता आलं असतं, तेही. काही गाळलं नाही.

तिचे हात ताटात थांबले. ‘मी विचारून येते म्हटलं होतं’ असं तिनं म्हणावं, म्हणून मी वाट पाहिली. ती म्हणाली नाही.

‘‘आईंना शेवटी कळलं होतं?’’ तिनं विचारलं. ‘‘लागू पडल्याचं?’’

‘‘ते तिला माझ्याआधी कळलं होतं.’’

वहिनीनं पदर तोंडाशी धरला. आवाज न करता ती बराच वेळ रडली. मी तिला हात लावला नाही. माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. चाळिशीचा एक माणूस आणि त्याची बायको आत आली. माणसाचे डोळे पिवळे होते, चेहरा ओढलेला. ‘‘काविळीचं औषध इथंच देतात ना?’’ बायकोनं विचारलं. ‘‘मल्हारपेठेहून आलोय. उपाशीच आणलंय.’’

वहिनीनं डोळे पुसले. त्यांना ओट्यावर बसायला सांगितलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून बाईच्या पुढ्यात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘त्या डॉक्टरबाईंचा नंबर लावून द्या.’’

मी लावून दिला. तिनं फोन माझ्या हातातून घेतला.

‘‘मी उज्ज्वला बोलते, कुसवडीहून. शालनबाईंची सून. नाकात थेंब घातले, ती मी.’’ पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ‘‘नाही, त्यासाठी नाही केला फोन. माझ्या ओट्यावर एक माणूस आलाय. डोळे पिवळे आहेत. देऊ का नको?’’

मग प्रश्न सुरू झाले. वहिनी एकेक प्रश्न त्या माणसाला विचारत होती आणि उत्तर फोनमध्ये सांगत होती. कधीपासून? दहा दिवस. ताप होता? होता. दारू? बायकोनं मान खाली घातली, तेव्हा वहिनी म्हणाली, ‘‘घेतात.’’ दवाखान्यातल्या गोळ्या कुठल्या? त्यानं खिशातून पाकीट काढलं, तिनं त्याच्यावरची अक्षरं अडखळत वाचून दाखवली. मग ती नुसतं ऐकत राहिली.

‘‘बरं,’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्या माणसाला म्हणाली, ‘‘आधी कराडला जाऊन रक्त तपासून घ्या. डॉक्टरबाईंना कागद दिसला, की मग सांगते.’’

‘‘इथं तर लगेच देतात म्हणे,’’ तो म्हणाला.

‘‘आता विचारून देते.’’

ती नवराबायको उठली. वहिनीनं त्यांना फाटकापर्यंत सोडलं, परत येऊन ताट मांडीवर घेतलं आणि तांदूळ निवडायला लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. विचारायला सगळी मिळून पाच मिनिटं लागली होती.